बोर्डो, मार्गे पलूस

इस्लामपुरात बसून फ्रान्सची सहल आखण्यात जे सुख आहे ते खुद्द फ्रान्समधल्या माणसाच्या नशिबी नाही. त्याला नुसतं निघायचं असतं. आपल्याला आधी तो देश मनात उभा करावा लागतो, मग त्यातून गाडी चालवावी लागते, आणि हे सगळं उसाचा हंगाम ऐन भरात असताना. बाहेर रस्त्यावरून ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून साखराळ्याच्या कारखान्याकडे सरकत असतात, त्यांच्यामागे अडकलेली एसटी भोंगा वाजवून थकलेली असते; आणि आत जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही नवराबायको कोलमार ते रिकवीर हे दहा-पंधरा किलोमीटरचं अंतर दुपारी कापावं की कलत्या उन्हात, यावर अत्यंत गंभीरपणे बोलत असतो. बायकोचं म्हणणं, संध्याकाळी. द्राक्षवेलींवर तिरकं ऊन पडलेलं तिला बघायचं आहे. मी मान डोलावतो. ऊन तिरकं पडणारच, हे आम्ही गृहीत धरलेलं आहे.

कोलमार-रिकवीरकडचा हा अल्सासमधला द्राक्षमार्ग 1953 साली आखला गेला. उत्तरेला मार्लेनहाइम, दक्षिणेला थान, मध्ये साधारण 170 किलोमीटर. इथून पुणं थोडंफार तेवढंच. त्या अंतरासाठी आम्ही पहाटे पाचला निघतो, कराडला डिझेल भरतो, साताऱ्याला उभ्याउभ्या चहा घेतो आणि खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो की ‘आलंच आता’ म्हणतो. नऊच्या आत पोचलो नाही तर ज्याच्याकडे जायचं त्याला वाटेतून दोनदा फोन करून उशिराची कारणं सांगतो. तेवढ्याच रस्त्याला लोक आठवडा लावतात, मध्ये गावागावांत मुक्काम करतात आणि कुणी कुणाला जाब विचारत नाही, हे वाचून मला पहिल्यांदा हेवा वाटला आणि मग थोडी धास्ती. रेंगाळायचं कसं, हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नाही. आपल्याकडे प्रवास म्हणजे पोचणं.

म्हणूनच आमच्या दाजींनी सहलीत लक्ष घातलं तेव्हा तिची पार लगीनघाई झाली. दाजींचा अनुभव दांडगा. समर्थांचे अकरा मारुती त्यांनी एका दिवसात केलेले आहेत: बहे, शिराळा, मनपाडळे, पारगाव आणि तिकडे वर मसूर, चाफळ, सगळे. पहाटे अंघोळ करून निघालं की रात्री जेवायला घरी. त्यांनी त्याच हिशेबानं अल्सासनंतरच्या मुक्कामाचा, बोर्डोकडच्या अकरा शातोंचा म्हणजे द्राक्षमळ्यांच्या वाड्यांचा, एक दिवस मांडला, प्रत्येकी वीस मिनिटं. “दर्शन घ्यायचं, फोटो काढायचा, निघायचं.” तिथं दारूची चव घेत बसतात, असं मी सुचवलं. दाजी विचारात पडले. “बसायचं म्हणजे किती वेळ?” मला उत्तर देता आलं नाही. देवापुढे आपण किती वेळ बसावं, हेही कुठं ठरलेलं असतं? पण देवापुढे मागच्या रांगेची तरी ढकल असते.

मग चव घेण्याचा प्रश्न निघाला. फ्रान्समध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल भरलं की गुन्हा. त्यामुळे सुज्ञ लोक घोट तोंडात घोळवतात आणि शेजारच्या भांड्यात थुंकतात. हे ऐकून कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आत्तींनी मान वर केली. आत्तींच्या गळ्यात माळ आहे, आषाढी चुकलेली नाही. “पैसं देऊन तोंडात घ्याचं आन् थुकायचं?” होय म्हटलं. “म्हंजी पोटात जात न्हाई?” नाही म्हटलं. त्यांनी वात पुरी वळली, तबकात ठेवली आणि म्हणाल्या, “मग मी बी येतीया.” तेव्हापासून यादीत एक नाव वाढलेलं आहे, आणि गाडी मोठी घ्यावी लागणार आहे. ती रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची, त्यासाठी आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा. हे सगळं माझ्याकडे आलं, कारण दाजींना घोट थुंकणं पटलेलं नाही.

खरी गंमत पलूसच्या मामांनी केली. कृष्णेचा पूल ओलांडून, ताकारी-कुंडलवरून गेलं की उसाचं राज्य सरत जातं आणि मांडव सुरू होतात. तिथं मामांची दोन एकर बाग. मी त्यांना ऐटीत सांगितलं, बोर्डोला चाललोय. “बोर्डो?” मामा म्हणाले, “आरं, बोर्डो तर मी कालच मारलाय.” शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना, लोखंडी भांड्यात करायचा नाही, विळा बुडवून बघायचा, पात्यावर तांबूस पडलं तर चुना वाढवायचा. द्राक्षाच्या केवडा रोगावरचा हा उतारा मामांच्या वडिलांनाही ठाऊक होता. गावाचं नाव औषधाला पडलं आणि औषधाच्या वाटेनं ते गाव आमच्या नातेवाइकाच्या पिंपात कधीचं येऊन राहिलं होतं, मी मात्र विमानाची तिकिटं बघत होतो.

घरी येऊन वाचलं तर गोष्ट आणखी पुढे जाते. बोर्डोजवळच्या मेदोकमधले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडत. रोगासाठी नव्हे. येणारेजाणारे घड तोडत, म्हणून पानं विषारी दिसावीत एवढ्याचसाठी. 1882 मध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की आतल्या बागा केवड्यानं झडल्या, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत. तीन वर्षांनी त्यानं हे मिश्रण जगापुढे मांडलं. म्हणजे बोर्डो मिश्रणाच्या मुळाशी कोण, तर द्राक्षबागांतून निवांत हिंडणारे, हाताला चाळा असलेले, आमच्यासारखे लोक. जगातल्या बागायतदारांवर रिकामटेकड्यांचे हे एवढे उपकार आहेत.

हे कळल्यावर मी पलूस-तासगाव रस्त्यानं निवांत गाडी चालवून पाहिली. जमलं नाही. ज्याला माहीत आहे त्याला बाग नुसती बाग दिसत नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी, मग माल धरला की ढग. मांडव दिसला की सोसायटीचं कर्ज दिसतं, बेदाण्याचं शेड दिसलं की अवकाळी दिसतो. राज्याच्या 2001 च्या वाइन धोरणानंतर पलूसला वाइन पार्कही काढलं होतं. नाशिककडे पिकलं तसं ते इथं पिकलं नाही. फ्रान्समध्ये तिरकं ऊन एवढं सुंदर वाटणार, ते तिथं आपला कोणी मामा नाही म्हणून. पण कोणाचा तरी असणारच. एप्रिल 2021 मध्ये तिकडे कोवळ्या फुटीवर कडाक्याचं दंव पडलं, तेव्हा वेलींच्या ओळींतून रात्रभर हजारो मेणबत्त्या पेटवून माणसं जागली. त्याचे फोटो फार देखणे आले आहेत. मी ते मामांना दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मेणबत्त्यांचा खर्च किती आला असंल?”

मामांनाही घेऊन जावं असं आत्तींचं मत पडलं. पण तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं उतरतात, तेव्हा इकडे छाटणी. आणि इकडे फेब्रुवारी-मार्चात घड गोड होतात, तेव्हा तिकडे नुसती खुंटं. दोन्हीकडच्या बागायतदारांना एकमेकांकडे जाण्याची सवड वर्षात कधी मिळत नाही. ती मिळते आपल्याला. तेव्हा मंडळी, कुठल्याही बागेकडेनं जा, गाडी हवी तेवढी हळू हाका, पण रस्त्याकडेचा घड तोडू नका. हाक मारून विचारा. मामा स्वतः कात्री घेऊन येतात, आणि पैसे घेत नाहीत.