अभ्यासाला बसलं की

पाठांतराला बसलं की माणसाला हटकून उदात्त विचार सुचतात. एरवी जे डोकं रिकामं असतं, त्यात नेमकं तेव्हाच विश्वाचं कोडं उलगडू लागतं. यातून संतही सुटलेले नाहीत.

इग्नेशियस लोयोला हा मूळचा स्पेनमधला शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला. अंथरुणात संतचरित्रं वाचता वाचता गडी देवाकडे वळला. पण धर्माचं शिक्षण घ्यायचं तर लॅटिन हवं. मग वयाच्या तेहेतिशीत स्वारी बार्सिलोनात व्याकरण शिकू लागली. झालं! घोकायला घेतलं की भक्तीचे उमाळे येऊ लागले. प्रार्थनेच्या वेळी मात्र एवढे येईनात. तेव्हा त्याने ओळखलं, ही देवाची कृपा नव्हे, सैतानाची करणी आहे. तडक गुरुजींना गाठून त्याने शब्द दिला, की खायला भाकरी आणि प्यायला पाणी मिळतंय तोवर दोन वर्षं तास चुकवणार नाही.

याच माणसाने पुढे जेझुइट संघ काढला, आणि संघाने शाळा. पहिली मोठी शाळा सिसिलीतल्या मेसिनात, १५४८ साली. इग्नेशियसच्या माघारी, १५९९ मध्ये, ‘रेशिओ स्टुडिओरम’ ही नियमावली पक्की झाली. पळवाटा बुजवायचं काम तिने चोख केलं. शनिवारी आठवडाभराची उजळणी. प्रत्येक पोराला वर्गातलाच एक प्रतिस्पर्धी. हा चुकला की त्याने पकडायचं. म्हणजे मास्तरांची नजर चुकवता येईल, शेजारच्याची कशी चुकवणार? छडीची वेळ आलीच, तर गुरूने हात उगारायचा नाही. त्यासाठी संघाबाहेरचा माणूस नेमायचा. आमच्या लहानपणी ही दोन्ही खाती एकाच गुरुजींकडे असत.

एवढ्या कडक परंपरेतल्या ला फ्लेशच्या शाळेत देकार्त नावाचा नाजूक प्रकृतीचा मुलगा शिकला. त्याला म्हणे सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहायची मुभा होती. पुढे त्याने उभ्या जगावर शंका घेतली आणि आधुनिक तत्त्वज्ञानाचा पाया घातला. विचारांच्या नादी लागून तास चुकवणं संस्थापकाला मोह वाटला होता. त्याच्या चेल्यांनी एका पोराला तो मोह बिनबोभाट करू दिला. नियम लिहिणारे पुष्कळ असतात, पण कोणासाठी तो सैल सोडायचा हे कळायला जातिवंत मास्तरच लागतो.

हे आमच्या घरात मात्र मोठ्याने वाचायची सोय नाही. देकार्त शतकातून एखादा. नऊ वाजेतो लोळणारे घरोघरी.