अवतरणनिष्ठ

संकेतस्थळे घडविणाऱ्यांमध्ये अवतरणनिष्ठ म्हणावा असा एक वर्ग असून, दुसऱ्याचे शब्द उद्धृत करताना कीबोर्डवरील अवतरणचिन्हाची कळ दाबणे हे त्याच्या लेखी सोवळे मोडण्यासारखे असते. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानावरील कोणता मजकूर काय आहे हे ब्राउझरला खुणांनी सांगणाऱ्या भाषेत, लांब उताऱ्यासाठी ब्लॉककोट आणि वाक्यात सामावणाऱ्या छोट्या अवतरणासाठी क्यू असे दोन टॅग आहेत. पैकी १९९७च्या चौथ्या आवृत्तीत आलेल्या क्यूवर या गृहस्थाचा जीव जडलेला असतो. क्यूची चिन्हे लेखकाने घालायची नसून ब्राउझरने उमटवायची असतात, आणि मजकुराची भाषा कळविली असेल तर फ्रेंचला कोनदार, जर्मनला एक खाली व एक वर अशी चिन्हे तो आपणहून लावतो. ही सोय अवतरणनिष्ठ इतक्या कौतुकाने सांगतो की, त्याने आजवर किती फ्रेंच पाने बांधली हे विचारण्याचा धीर कोणास होत नाही.

इंटरनेट एक्सप्लोरर सातव्या आवृत्तीपर्यंत ही चिन्हे उमटवीतच नसे. त्यामुळे हाताने चिन्हे घातली तर अन्य ब्राउझरांत ती दोनदा दिसत आणि न घातली तर एक्सप्लोररमध्ये कोणाचे शब्द कोणाचे हेच कळत नसे. २००९मध्ये आठव्या आवृत्तीने हा घोळ मिटविला, तरी त्या काळातील हालअपेष्टा तो नव्या उमेदवारांना अजून ऐकवतो. उपरोधासाठी कोणी क्यू वापरलेला दिसल्यास त्याचा तोल जातो, आणि येथे, न्यायाने पाहता, नियम त्याच्याच बाजूचा आहे. अवतरणाच्या उगमाचा पत्ता तो साइट या गुणधर्मात लिहितो. हा पत्ता ब्राउझर वाचकास सहसा दाखवीत नाही, तरीही त्यातला एक स्लॅश सुटल्याचे आठवताच तो जेवणावरून उठून दुरुस्त फाइल सर्व्हरवर चढवितो. क्यू सर्वस्वी ऐच्छिक असून हाताने घातलेली चिन्हेही तितकीच ग्राह्य आहेत, हे नियमावलीतील कलम त्याला पाठ असते. फक्त तो ते उद्धृत करीत नाही.

ब्राउझरने उमटविलेली चिन्हे मूळ मजकुराचा भाग नसल्यामुळे काही ब्राउझरांत कॉपी करताना ती मागेच राहतात. त्याच्या पानावरील एखाद्या थोर पुरुषाचे वाक्य असे उघडेबोडके घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचते, मावशी 'किती छान लिहिलंयस रे!' म्हणून शाबासकी देते, आणि हे शब्द आपले नव्हेत असा लांबलचक खुलासा तो टाइप करू लागतो, ज्यात अवतरणचिन्हे मात्र हातानेच घालावी लागतात.