मांडणीकाका

टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यातल्या वॉल युनिटला मधोमध एक भगदाड पडलं. २९ इंची खोका बसायचा ती जागा. कोणी तिथे वायफायचा डबा ठेवला, कोणी औषधांची टोपली. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या एका काकांनी तिथे पुस्तकं लावली आणि बँकेतून निवृत्त झालेला एक निरुपद्रवी माणूस बघता बघता मांडणीकाका झाला.

असा एक जण आता दर सोसायटीत सापडतो. रात्री मोबाइलवर परदेशी घरांची शेल्फं बघतो आणि सकाळी उठून स्वयंपाकघरावर धाड घालतो. ब्रीद एकच: ‘विकत काही आणायचं नाही, घरात आहे त्यातच सजवायचं.’ ऐकायला मोठं काटकसरीचं वाटतं. पण घरात जे असतं ते बहुतेक वेळा कुणीतरी वापरत असतं, ही बारीकशी अडचण त्याला दिसत नाही.

काकांकडे लोखंडी खलबत्ता पुस्तकांना टेकू म्हणून लावलाय. काकू चहाच्या आल्यासाठी तो उचलायला आल्या की काका ‘हां हां, ज्ञानकोश पडेल!’ म्हणत धावतात आणि केतकरांचे खंड दोन्ही हातांनी आवरून धरतात. काकू आलं कुटून, बत्ता धुऊन, पुसून जागेवर आणून ठेवेपर्यंत ते तसेच उभे. पाहुणे जास्त असले तर फार वेळ उभे.

वरच्या कप्प्यात आजोबांच्या दुकानातली शेर, अच्छेर, पावशेर ही पितळी मापं आहेत. १९५८ पासून देशात मेट्रिक वजनमापं येत गेली आणि हे त्रिकूट माळ्यावर गेलं. काकांनी चिंच लावून घासून त्यांना पुन्हा नोकरीत घेतलं. तीनच का? तर वस्तू विषम संख्येत ठेवायच्या, असा नियम आहे. तीन किंवा पाच. पानाचा डबा, अडकित्ता आणि चुनाळं यांचं त्रिकोणी बिऱ्हाडही याच नियमाने थाटलंय. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या मात्र दोन भरल्या. मग तिसरी मिळवण्यासाठी काकांनी काकूंचं भरलेलं लिंबाचं लोणचं परस्पर स्टीलच्या डब्यात ओतलं. त्यानंतरचे दोन दिवस त्या घरात कोणी फारसं बोललं नाही.

पुस्तकांचा प्रकार आणखी वेगळा. शिंप्याने गिऱ्हाइकाकडे बघावं तसे काका पुस्तकाकडे बघतात: उंची, जाडी, रंग. ‘मृत्युंजय’ कसं वाटलं, असं मी सहज विचारलं. म्हणाले, “भक्कम. त्याच्या आधाराने सहा पातळ उभी राहतात.” कवितासंग्रहांविषयी त्यांचं मत चांगलं नाही, अंगात धर नसतो, लगेच लवंडतात. ‘रुचिरा’ त्यांना मनापासून हवी होती, पण काकूंच्या प्रतीवर इतक्या वर्षांची हळद आणि फोडणीचं तेल बसलंय की ती त्यांच्या ‘पॅलेट’मध्ये बसेना. ‘रुचिरा’ वाचली म्हणायची.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. पुस्तक न वाचता पुस्तकाची इतकी बडदास्त ठेवणारा माणूस विरळा. जड खंड खाली, हलकी पुस्तकं वर. पानांमागे वेखंडाचे तुकडे, कसर लागू नये म्हणून. उन्हाची तिरीप येते त्या बाजूला लाल कण्याचं पुस्तक नाही, कारण छपाईतला लाल-पिवळा आधी उडतो आणि निळा मागे उरतो. कोणी पुस्तकाच्या डोक्यात बोट घालून ते ओढलं तर काका कळवळतात. शेजारची दोन आत ढकलायची, मग मधलं कंबरेला धरून काढायचं, ही त्यांची रीत आहे आणि ती शंभर टक्के बरोबर आहे. ग्रंथपालही हेच सांगतात. फरक इतकाच, की ग्रंथपाल ते पुस्तक पुढे कुणाच्या तरी हातात देतो.

मध्यंतरी त्यांनी सगळी पुस्तकं पाठमोरी लावली. कणे आत, पानं बाहेर. भिंतभर एकच बदामी रंग. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये साखळदंडांनी बांधलेली जुनी पुस्तकं अशीच कणे आत करून ठेवलेली आहेत, ही माहिती मीच त्यांना पुरवली. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल त्याला हेरफर्ड. काकूंना याच काळात गुरुचरित्राची पोथी हवी झाली. ती पाठमोऱ्यांत नव्हती. बासनासकट आडवी, वरच्या कप्प्यात, आणि तिच्यावर पितळी घुबड.

“अहो, पोथीवर घुबड?”

“लक्ष्मीचं वाहन आहे ते.”

“वर लक्ष्मी बसली असेल तर. हे रिकामंच आलंय.”

घुबड रातोरात मासिकांच्या ढिगावर गेलं.

खरा पेच उसनवारीचा. खालच्या मजल्यावरची दहावीतली मुलगी ‘ययाती’ मागायला आली. काका अस्वस्थ. नाही म्हणवेना, आणि ‘ययाती’ काढलं की फट दिसणार. शेवटी तोडगा निघाला: जितक्या जाडीचं न्याल तितक्या जाडीचं आणून ठेवायचं. टेप काकांकडे आहेच. मुलीने गणिताचं गाइड आणलं. निळं होतं, काका खूश झाले. ही बातमी पसरली आणि जिन्यावर रांग लागली. बी विंगमधल्या एका आजींनी ‘स्वामी’ नेली आणि बदल्यात टेलिफोन डिरेक्टरी ठेवली. कुणी ‘मृत्युंजय’ नेलं आणि कंपनी कायद्याचा ठोकळा आणला. सहा पातळ पुस्तकं त्यालाही टेकून व्यवस्थित उभी राहिली.

आता त्या युनिटात बारावीचं फिजिक्स, वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका, इन्कम टॅक्सचा जुना अ‍ॅक्ट आणि कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम आहे. काकांची पुस्तकं सोसायटीभर उशांखाली आणि गॅसच्या ओट्यांवर पडलेली असतात. परवा मी काळजीने विचारलं, सगळी परत येतील ना?

“घाई नाही,” काका दोन पावलं मागे सरून डोळे बारीक करत म्हणाले, “उंची आत्ता कुठे जमून आलीय.”