बी-सातचे काका

कोथरूडमधल्या आमच्या घरमालकांना आम्ही काका म्हणतो. तेही आम्हाला नावाने हाक मारतात. पण सोसायटीत तिसऱ्या माणसाशी बोलताना आम्ही 'बी-सात' असतो. "बी-सात तसे व्यवस्थित आहेत, फक्त पंखा सारखा पाचवर असतो." हे त्यांना खालून कसं दिसतं, ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

घर बघायला गेलो तेव्हा घराने आम्हालाच बघून घेतलं. पगार, गाव, जुन्या घरमालकांचा फोन नंबर, सगळं झालं. शेवटी काकांनी चष्मा काढून विचारलं, "भिंतीला खिळे मारता का?" मी "नाही" म्हणालो आणि घर मिळालं.

कायद्यात मात्र काका पक्के. ओळखीवर, कोऱ्या विश्वासावर घर देणाऱ्यांची त्यांना कीव येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला, तर वादात उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या. हे वाक्य ते भुताची गोष्ट सांगावी तसं आवाज खाली आणून सांगतात. मुदतीनंतर घर अडवलं तर दुप्पट शुल्क, कलम २४, हे त्यांनी आम्हाला पेढा देता देता सांगितलं. शिवाय आम्ही भाडेकरू नव्हेच म्हणे, लायसन्सी!

करार नोंदवायला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. काकांचा अंगठा काही केल्या उमटेना. "पाना धरून धरून रेषा गेल्या," ते जरा अभिमानानेच म्हणाले.

ताबा देताना मीटरच्या आकड्याचा फोटो, गिझर चालू असल्याचा व्हिडिओ, ओट्यावरच्या जुन्या ओरखड्याचा फोटो, त्यात शेजारी माप कळावं म्हणून रुपयाचं नाणं. यादीत 'खिळे : नऊ'. दोघांच्या सह्या.

एकदा सोसायटीने घर भाड्याने दिल्याबद्दलचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मनाला येईल तसे लावले. काका २००१ चा शासनाचा आदेश झेरॉक्स करून सभेत गेले. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर एक पैसा नाही! चिटणीस तेव्हापासून त्यांना जिन्यात टाळतात.

भाडेवाढीच्या वेळी मी धसकलो होतो. काकांनी वीस हजारांवर पाचशेच वाढवले. "हजार वाढवले असते, तर अकरा महिन्यांत अकरा हजार. पण तुम्ही गेलात आणि घर एक महिना रिकामं राहिलं, की वीस हजार पाण्यात. वर रंग, वर एजंट." माझ्या चांगुलपणाचा उल्लेख या हिशेबात कुठेच नव्हता.

आणि नळ! रात्री नऊला फोन केला, तर साडेनऊला काका पिशवीत पाना आणि वायसर घेऊन दारात. आज थेंब, उद्या खालच्याच्या छताला ओल, परवा त्याच्या रंगाचा खर्च आपल्या डोक्यावर.

परवा करार वाढवायला त्यांच्या घरी गेलो. हात धुवायला मोरीत शिरलो. नळाखाली बादली, नळाच्या तोंडाला फडकं, तरी टपटप चालूच. मी बाहेर येताच काकूंनी पोह्यांची बशी पुढे केली आणि हळूच विचारलं,

"बी-सात कधी सोडताय? म्हटलं, आम्हीच येऊ भाड्याने."