चुकलेलं गुणोत्तर

आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी फुकटात करून दिली. मोबदल्यात फक्त कौतुक हवं होतं. पांढऱ्याशुभ्र पानावर फिकट राखाडी, बारीक अक्षरं. "किती शांत वाटतं!" असं मीच म्हणालो, कारण दुसरं कोणी म्हणेना. मराठी फॉन्ट देखणा दिसावा म्हणून सूचना आणि बटणं यांची चक्क चित्रंच करून टाकली.

उद्घाटनाला शाळेतले गणिताचे सर आले होते. काचबिंदूने त्यांची बरीच नजर नेलीय. फोन नाकाला टेकवून म्हणाले, "अरे, पान कोरंच आहे की!"

"सर, अक्षरं मोठी करून बघा ना."

"केली. आता मोठं कोरं पान दिसतंय."

मग त्यांनी टॉकबॅक सुरू केलं. त्यात फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. पण चित्रातली अक्षरं त्याच्या लेखी मजकूर नव्हेत. चित्रामागे त्याचं वर्णन लिहून ठेवावं लागतं. ते मी लिहिलं नव्हतं. वर्णन नसलं की बिचारा फोन हाती लागेल ते वाचतो, कधीकधी फाइलचं नावसुद्धा. सरांनी पहिल्या बटणावर बोट ठेवलं आणि फोन भर सभेत, बातम्या दिल्याच्या थाटात म्हणाला, "चिटणीसांची कटकट, फायनल, तीन, डॉट जेपीजी."

चिटणीस पहिल्याच रांगेत होते. माझ्यासाठी आणलेला पुष्पगुच्छ त्यांनी हळूच खुर्चीखाली सरकवला.

घरी येऊन नियम उघडले. डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय नियमावली २००८ पासून सांगतेय की, साध्या आकाराचं अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ हवं. पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे २१ : १, पैकीच्या पैकी. माझं निघालं २.३ : १.

सरांना फोन केला. "सर, गुणोत्तर चुकलं."

"आठवीतही तिथंच चुकलं होतं. तेव्हा निदान तुझं उत्तर मला दिसत तरी होतं."

तीन रात्री जागून अक्षरं काळी केली, मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला, प्रत्येक चित्राचं वर्णन लिहिलं. चिटणीसांच्या फोटोला प्रायश्चित्त म्हणून लिहिलं, 'हसतमुख चिटणीस'.

सरांनी सगळी साइट ऐकली. म्हणाले, "पास! पण ते चिटणीसांचं वर्णन डोळ्यांनी बघून लिहिलंयस ना?"