ओट्याखालचे मामलेदार

सरकारी नोकरीतून सन्मानपूर्वक निवृत्त झालेल्या, निवृत्तिवेतनाचे कागद बिनचूक पुरे केलेल्या आणि तेव्हापासून आपल्या अधिकाराला शोभेल असे कार्यक्षेत्र शोधीत असलेल्या गृहस्थांचा जो एक वर्ग पुण्याच्या बहुतेक गृहनिर्माण संस्थांतून आढळतो, त्याला ते कार्यक्षेत्र बहुधा स्वयंपाकघरात, ओट्याखाली, सिंकच्या तळाशी गवसते. तेथे पाणी गळत असते. आणि गळती म्हटली की चौकशी आलीच.

प्लंबरला बोलावण्याचा प्रस्ताव घरातून प्रथम येतो व तत्काळ नामंजूर होतो. त्यामागे पैशाचा लोभ असतो असे लोक समजतात. तो शुद्ध अन्याय आहे. पाइप पाना, विजेरी, टेफ्लॉन टेपची रिळे आणि एम-सीलची पाकिटे यांवर बोहरी आळीत या गृहस्थांनी जी रक्कम खर्ची घातलेली असते, तीत प्लंबर अनेकवार येऊन गेला असता. खरी अडचण अशी की, प्लंबर गळती पाहतो आणि बंद करतो. प्रकरणाचा पूर्वेतिहास ऐकून घेण्याइतकी सवड त्याला नसते.

मामलेदारांची चौकशी स्थळपाहणीने सुरू होते. कांदे-बटाटे, रिकामे डबे आणि फिनेलची बाटली ओट्याखालून हद्दपार होतात, जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरले जाते, आणि त्यावर उताणे पडून ते आतून प्रश्न टाकतात, “पाणी अहोरात्र गळतं की फक्त भांडी घासताना?” प्रश्न मोठा मार्मिक आहे, हे मान्य केले पाहिजे, कारण अहोरात्र गळणारे पाणी येणाऱ्या नळीचे आणि भांडी घासतानाच गळणारे पाणी जाणाऱ्या नळीचे, हा भेद पुष्कळ कारागिरांनाही सुचत नाही. दुर्दैव इतकेच की, साक्ष पुरी होण्यापूर्वी निकाल लागलेला असतो. सिंकच्या जाळीखालच्या सांध्यातून झिरपलेले पाणी नळीच्या अंगाने उतरत सर्वांत खालच्या टोकाला येऊन ठिबकते; मामलेदार त्या टोकालाच गुन्हेगार ठरवतात, आणि खरा आरोपी वर जाळीखाली मोकळाच राहतो.

यानंतर अंमलबजावणी. बॉटल ट्रॅपच्या प्लास्टिकच्या नटमध्ये पाणी अडवण्याची जबाबदारी आट्यांची नसून आतल्या रबरी वॉशरची असते, हे ज्ञान त्यांच्यापर्यंत कोणत्याही परिपत्रकाने पोचलेले नसल्याने ते आट्यांवरच टेपचे वेढ्यांवर वेढे चढवतात. कडक होऊन गेलेला वॉशर मात्र पुसून, फुंकर मारून, सन्मानाने पूर्वपदावर रुजू करतात. मग हाताने आवळावयाचा नट पान्याने आवळला जातो. बारीकसा ‘कट्’ असा आवाज होतो. त्या तड्यावर एम-सील थापले जाते, ते दगडासारखे गोठते, आणि ट्रॅप पुढे साफसफाईसाठी उघडण्याची सोय कायमची रद्द होते.

“अहो, भांडी पडली आहेत,” असे बाहेरून सांगितले असता आतून उत्तर येते की, नळीला दिलेल्या ज्या बाकात पाणी साठून गटाराची दुर्गंधी अडते, त्याचे पेटंट १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने घेतले. माहिती खरी आहे. भांडी तशीच राहतात.

खालच्या बिऱ्हाडातून छताला ओल आल्याचे पत्र येते, तेव्हा तर या व्यक्तिमत्त्वाला खरा बहर येतो. जावक क्रमांक घालून ते उत्तर धाडतात की, प्रकरण विचाराधीन असून सदर ओल पूर्वीपासूनची नसल्याबद्दल पुरावा सादर करावा. दरम्यान त्यांच्या पत्नीने सिंकखाली एक पोचे आलेले पातेले ठेवलेले असते आणि ते त्या रोज रात्री, कोणालाही न विचारता, मोरीत रिकामे करतात. आजवर योजलेल्या उपायांपैकी यशस्वी ठरलेला तेवढाच एक. त्याची नोंद मात्र दप्तरात नाही.

ज्यांच्या घरी असे मामलेदार असतील त्यांना एवढीच विनंती की, जुना वॉशर नमुन्यादाखल दुकानात नेऊन त्याच मापाचा नवा आणावा, तो मामलेदारांच्या हाती आदराने सोपवावा, आणि तत्पूर्वी पाना शेजारी देऊन टाकावा.