सर, उत्तर मला येत होतं

आदरणीय सर,


हे पत्र तुमच्या केबिनमध्ये आणून देता आलं असतं. जाहीर लिहिते आहे, कारण जे घडलं तेही जाहीरच घडलं: विभागाच्या सभागृहात, भरलेल्या खुर्च्यांसमोर. शिवाय तुमच्याकडे अजून विद्यार्थी आहेत. नियमाने प्रोफेसरला एका वेळी आठ जण घेता येतात आणि तुमची एकही जागा कधी रिकामी नसते.

माझ्या पीएच.डी.च्या व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख ठरली तेव्हा गाईड म्हणून तुम्ही मला तयारीची यादी लिहून दिलीत. गेस्ट हाउसची एसी रूम. स्टेशनवर गाडी, तीही इनोव्हा. तीन शाली, तीन श्रीफळं, तीन पुष्पगुच्छ. मागे लावायचा फ्लेक्स, त्यावर कुणाचा फोटो केवढा. काजू, चहा, मग जेवण. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत: रेफरी सरांना डायबेटिस आहे, गोड एकच ठेव, पण चांगलं ठेव. रेफरींच्या साखरेवर तुमचं एवढं बारीक लक्ष होतं. माझ्या चौथ्या प्रकरणातल्या कोष्टकांकडे याच्या निम्म्याने तरी पाहिलं होतंत का?

रेफरीला, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाला, विद्यापीठ मानधन देतं, प्रवासभत्ता देतं. तरी गाडी मी पाठवायची, जेवण मी घालायचं, शाली मी आणायच्या. मी तेव्हा सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवत होते. तासांचे पैसे सत्र संपल्यावर कधीतरी हातात पडायचे. आईने पिग्मी मोडली. तुम्हाला हे ठाऊक होतं, कारण रूमचं बुकिंग दोन दिवस लांबवू का, असं मी विचारायला आले होते तेव्हा कारणही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, डॉक्टर व्हायचं तर एवढं करावं लागतं.

त्याच वेळी मी दुसरंही विचारलं होतं, आठवतं का? काय विचारतील, सर? तुम्ही हसून म्हणालात, "अगं, टेन्शन घेऊ नकोस. व्हायवा म्हणजे फॉर्मॅलिटी. काही अडलं तर मी आहे ना." पिग्मीचे पैसे आईने पुन्हा साठवले. तुमच्या त्या शेवटच्या वाक्याची किंमत मात्र मी अजून मोजते आहे.

काय विचारतील हे तुम्हाला माहीत होतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे बाहेरच्या दोन्ही परीक्षकांनी प्रबंध मान्य करावा अशी शिफारस केली तरच व्हायवा होते. म्हणजे दोघांचे रिपोर्ट आलेले होते आणि त्यांत प्रश्न होते. माझ्यासाठीच होते ते. इतर गाईड परीक्षकांची नावं झाकून ते प्रश्न टाइप करून देतात, विद्यार्थी उत्तरं लिहून आणतो, त्यावर बसून चर्चा होते. तुम्ही ते ड्रॉवरमध्ये ठेवलेत आणि "गोपनीय असतं" म्हणालात. व्हायवाच्या दिवशी रेफरी सरांनी टाइप केलेला कागद उलगडला, तेव्हा ते प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

तरीही मी तयार होते, सर. हेच तुम्हाला सांगायचं आहे.

होस्टेलवर आम्ही चौघी होतो: एक बॉटनीची, एक केमिस्ट्रीची, एक मराठीची आणि मी. रात्री जेवणानंतर त्या तिघी गाद्यांवर बसायच्या आणि मी दाराशी उभी राहायचे. प्रबंध बंद ठेवायचा आणि अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाला पाच मिनिटांत सांगायचं की मी काय शोधलं. पहिल्या रात्री मला ते जमलं नाही. मी नुसतं प्रकरणांची नावं सांगत गेले. मग हळूहळू जमलं. प्रत्येक कोष्टक पुन्हा मोजलं, चुका सापडल्या त्यांची शुद्धिपत्रिका स्वतः केली. माझ्या निष्कर्षाशी कोण सहमत होणार नाही आणि का, हे लिहून काढलं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायचा, घाईने बोलायचं नाही, माहीत नसेल तर तसं सांगायचं, हेही घोकलं. शेतीतलं ओ की ठो माहीत नसलेल्या मराठीच्या मैत्रिणीने तिसऱ्या-चौथ्या रात्री विचारलं, "पण या तळ्यात पाणी येतं कुठून?"

माझा विषय तुम्हाला आठवत असेल. जालना जिल्ह्यातली शेततळी आणि मोसंबीच्या बागा. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, पन्नास हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं. कागदावरची कल्पना सरळ आहे: शिवारातून वाहून जाणारं पावसाचं पाणी तळ्यात अडवायचं आणि गरजेला वापरायचं. मी फिरले त्या शिवारांत अनेक तळी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली होती, काठ जमिनीच्या वर उचललेले होते, आणि काठावरून काळा पाइप आत सोडलेला होता. विहिरीला पाणी असतं त्या दिवसांत मोटर लावून तळं भरून घ्यायचं. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर आणून एकाच्या कुंपणात साठवायचं, आणि त्यातलं काही उन्हाने उडून जाणार. ज्याला तळं मिळालं त्याची बाग जगली, हे खरंच. अशाच एकाच्या बांधाला लागून एका विधवा बाईंची विहीर होती. त्यांनी मला विहिरीच्या काठावर नेलं आणि आतल्या भिंतीवरची पाण्याची जुनी खूण बोटाने दाखवली. त्यांच्या मुलाखतीची नऊ पानं मी चौथ्या प्रकरणात घातली होती. तुम्ही ती "विषयांतर" म्हणून परिशिष्टात ढकललीत.

रेफरी सरांनी नेमकं तेच विचारलं. म्हणाले, "तुम्ही नमुना लाभार्थ्यांच्या यादीतून घेतलात. ज्यांना तळं मिळालं नाही, ते या प्रबंधात कुठे आहेत?"

किती चांगला प्रश्न होता तो. मी हातातला पॉइंटर टेबलावर ठेवला. त्या बाई, ती खूण, तो काळा पाइप, आणि यादीतून नमुना घेतल्यामुळे माझ्या निष्कर्षाला जी मर्यादा येते ती, सगळं एका ओळीत उभं होतं. मी "सर, परिशिष्ट तीनमध्ये" एवढंच म्हणाले आणि तुम्ही माईक ओढून घेतलात. "मी सांगतो सर. ते स्कोपच्या बाहेर आहे. तिने फक्त लाभार्थ्यांचाच अभ्यास केलाय." रेफरी सरांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कागदावर काहीतरी खूण केली. पुढच्या प्रश्नालाही तुम्हीच बोललात. त्याच्या पुढच्यालाही. मग तुम्ही घड्याळाकडे बघून म्हणालात की जेवण गार होतंय.

सभागृहाखाली हात धुवायच्या रांगेत रेफरी सर माझ्या मागे उभे होते. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी सांगितलं, सगळं सांगितलं, नळ चालू ठेवूनच. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे वर का नाही सांगितलंत?" मी काय उत्तर द्यायचं होतं, सर? ते तुम्ही द्या.

यूजीसीच्या त्याच नियमांत व्हायवा गाईडने आणि बाहेरच्या किमान एका परीक्षकाने घ्यायची असं म्हटलं आहे. तुम्ही त्या खुर्चीवर परीक्षक म्हणून बसला होतात. तुमचं काम प्रश्न विचारायचं होतं. ब्रिटनमधल्या कितीतरी विद्यापीठांत गाईडला परीक्षक होता येत नाही. विद्यार्थ्याने हो म्हटलं तर तो खोलीत बसतो, आणि बसला तरी तोंड उघडत नाही. आपल्या नियमाने तुम्हाला अधिक मोकळीक दिली आणि तुम्ही ती माझी उत्तरं हिरावून घ्यायला वापरलीत.

तुम्ही दर सहा डिसेंबरला विभागात बाबासाहेबांवर बोलता, म्हणून हेही लिहिते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२२ मध्ये सादर झाला आणि परीक्षकांनी तो सुधारून मागितला. पदवी १९२३ मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं. त्याला प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची आहे. त्यात ते मोकळेपणाने लिहितात की आंबेडकरांची बरीचशी टीका मला पटत नाही, पण जिथे ते चुकतात असं वाटलं तिथेही त्यांच्या विचारांत ताजेपणा आढळला. विद्यार्थ्याच्याच पुस्तकात आपला मतभेद छापून गाईड बाजूला होतो आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या पायावर उभं राहू देतो. तुमच्या भाषणात हा प्रसंग मी कधी ऐकला नाही.

पदवी मिळाली, माझी तक्रार पदवीबद्दल नाही. पाच-सहा वर्षं माणूस एका विषयावर एकटा राबतो. त्याचं काम ओळन्‌ओळ वाचलेला जाणकार समोर बसून त्याला खोदून विचारतो, असा दिवस बहुतेकांच्या वाट्याला एकदाच येतो. माझा तो दिवस तुम्ही जेवणावळीत घालवलात. नुकसान माझ्या एकटीचं नाही. मागच्या रांगांत तुमचे बाकीचे विद्यार्थी वह्या घेऊन बसले होते. त्यांनी त्या दिवशी केटररचा नंबर लिहून घेतला, मी पाहिलं. प्रबंध आज शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, आहे. उद्या कृषी खात्यातला कुणी तो उघडेल, बागांचं क्षेत्र वाढल्याचं वाक्य उचलेल आणि टिप्पणीत टाकेल. शेजारची कोरडी विहीर परिशिष्टात आहे आणि परिशिष्टापर्यंत फार थोडे जातात. त्या दिवशी भर सभेत ते बोललं गेलं असतं तर रेफरींनी ती नऊ पानं मुख्य प्रकरणात घ्यायला सांगितली असती. नळाशी उभे असताना ते तसं म्हणाले होते.

आता तुम्ही काय करायचं, तेही सांगते. रिपोर्ट आले की त्यातले प्रश्न त्याच आठवड्यात विद्यार्थ्याच्या हातात द्या. विभागात एकदा तरी मॉक व्हायवा घ्या आणि तिथे तुम्ही सगळ्यात कठीण प्रश्न विचारा. गाडी, शाल, जेवण हे शब्द विद्यार्थ्यापुढे पुन्हा काढू नका. पाहुण्यांना जेवू घालायची हौस असेल तर तुमच्या पगारातून घाला. आणि प्रश्न विद्यार्थ्याला विचारला असेल तर माईकला हात लावू नका, तो अडखळला तरी.

पुढच्या महिन्यात माझ्या मागच्या बॅचच्या मुलीची व्हायवा आहे. तिने तिच्या गावातल्या ऊसतोड कामगारांच्या उचलीवर काम केलंय, अगदी आतलं. तुमची यादी तिलाही मिळाली आहे. तिने ती मला दाखवायला आणली तेव्हा मी ठेवून घेतली आणि रविवारपासून आम्ही प्रश्नोत्तरांना बसलो आहोत. व्हायवा खुली असते, तेव्हा मी येणार आहे. अध्यक्षांच्या परवानगीने एक प्रश्न विचारणार आहे. तो तुम्हाला नसेल.

आपली विद्यार्थिनी